मातीचा बांध दरवर्षी फुटतो. वाळा लावला तर माती थांबेल का?

बालाघाटाच्या उतारावर तुमचं सहा एकर रान आहे. वरच्या अंगाला मुरमाड, खाली काळी, उतार दोन टक्क्यांच्या आसपास. सोयाबीन-तूर घेता, ओल राहिली तर रब्बी ज्वारी. दोनदा यंत्र लावून बांध घातले आणि दोन्ही वेळा एखाद्या दांडग्या पावसात ते फुटले, फुटल्या जागी ओघळ पडली. आता कुणीतरी बांधाऐवजी वाळ्याच्या गवताच्या ओळी लावायला सांगितलंय आणि तुमच्या तीन शंका आहेत: गवताने पाणी अडेल का, रानात गवत माजेल का आणि पीक मार खाईल का. शेजारची पट्टी भावाची आहे आणि तो या कामाला तयार नाही, हेही तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझ्या मते सगळ्यात अवघड भाग तोच आहे. त्याच्याकडे शेवटी येतो.

पहिल्या शंकेचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. गवत पाणी अडवत नाही आणि त्याने अडवूही नये. मातीचा बांध पाण्याला आडवा उभा राहतो, त्याच्यामागे पाणी तुंबतं आणि बांधात कुठे वीतभर खोलगट जागा सापडली की तुंबलेलं सगळं पाणी तिथून एकदम सुटतं. गवताची दाट ओळ गाळणीचं काम करते. पाणी तिच्यातून जातं, पण हळू जातं आणि सगळ्या लांबीवर पसरून जातं. पाण्याचा वेग अर्ध्यावर आला की त्याची माती वाहून नेण्याची ताकद अर्ध्याहून कितीतरी जास्त घटते, म्हणून सोबतची माती ओळीच्या वरच्या बाजूला बसते. पुढच्या पावसात त्या गाळावर आणखी गाळ बसतो. ओळीच्या वरची बाजू उचलत जाते, दोन ओळींमधला उतार कमी होत जातो आणि काही वर्षांत कुदळ न मारता पायऱ्या तयार होतात.

काळ्या जमिनीत बांध का फुटतात, हे तुम्ही स्वतः पाहिलेलं असणार. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल अशा भेगा पडतात. यंत्राने ओढलेला बांध त्याच मातीचा, त्यालाही भेगा पडतात. जूनमधला पहिला मोठा पाऊस त्या भेगांत शिरतो आणि बांध आतून सुटतो. जो फुटत नाही त्याच्यामागे पाणी साचून पीक पिवळं पडतं, मग शेतकरी स्वतःच फावड्याने तो फोडतो. मुंबई इलाख्यात १९४२ साली जमीन सुधारणेचा कायदा झाला, त्यानंतर दुष्काळी जिल्ह्यांत हजारो मैल समपातळी बांध घातले गेले. हलक्या आणि मध्यम जमिनीत त्यांनी चांगलं काम केलं. भारी काळीत मात्र ते जागोजागी फुटले किंवा फोडले गेले. तुमचे बांध फुटले यात तुमची कसूर नाही. ती जमीन तशा बांधाला मानवत नाही.

माती जाते म्हणजे किती जाते, हे एकदा मोजून पाहा, कारण डोळ्याला ते दिसत नाही. एका एकरावरून एक मिलिमीटर जाडीचा थर गेला तर ती माती चार घनमीटर होते, वजनाने पाच टन. एक मिलिमीटर म्हणजे जाड पुठ्ठ्याएवढं. डेहराडूनच्या मृद संधारण संशोधकांनी १९८३ साली देशभराचा अंदाज काढला, तेव्हा सरासरी धूप हेक्टरी वर्षाला १६.३५ टन निघाली होती. म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर. उघड्या उतारावर सोयाबीन उभं राहण्याआधी दोन मोठे पाऊस झाले तर याहून जास्त जाऊ शकते. आणि जाते ती वरची, शेणखत पचलेली, बारीक कणांची माती. खडे मागे राहतात. तुमच्या वरच्या मुरमाड पट्ट्यात दरवर्षी खडे वाढल्यासारखे दिसतात ना, त्याचं कारण हेच. खडे वाढत नाहीत, त्यांच्यामधली माती निघून जाते.

आता वाळाच का? आपल्याकडे वाळा म्हटलं की माठात टाकायची मुळी आणि उन्हाळ्यातले पडदे एवढंच आठवतं. पण कर्नाटकात म्हैसूरच्या दक्षिणेला गुंडलुपेटच्या परिसरात शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेताच्या हद्दीवर वाळ्याच्या ओळी लावत आले आहेत. १९८०च्या दशकात जागतिक बँकेचे जॉन ग्रीनफील्ड आणि रिचर्ड ग्रिमशॉ भारतात पाणलोटाच्या कामावर होते. ग्रीनफील्ड यांनी त्याच्या बरंच आधी, १९५०च्या दशकात, फिजी बेटांवर उसाच्या डोंगरउतारांवर वाळ्याच्या ओळी लावल्या होत्या. इथे त्यांना तीच पद्धत कोरडवाहू शेतकऱ्यांकडे आधीपासून असलेली दिसली. त्या काळी चार राज्यांत चाललेल्या पाणलोट प्रकल्पांतला एक आपल्याकडे, तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या मानोलीला होता. पुढे वाळा थायलंडपासून आफ्रिकेपर्यंत गेला. थायलंडमध्ये तर १९९१ पासून राजे भूमिबोल यांनी स्वतः पुढाकार घेतला. आपल्या मातीतलं गवत जगाने उचललं आणि आपल्या तालुक्यांत ते अजून मुद्दाम समजावून सांगावं लागतं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

वाळ्याचे गुण असे. मुळं सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत तीन-चार मीटर. ती आडवी पसरत नाहीत, म्हणून शेजारच्या पिकाच्या तासाशी भांडण कमी. बुंधा ताठ आणि दाट, पाण्याच्या लोंढ्यात झोपत नाही. गाळ अंगावर चढला तर वरच्या पेरातून नवीन मुळं फुटतात, म्हणजे गाळाबरोबर ओळही वर चढते. दुष्काळ सोसतो, महिनाभर पाण्यात राहिला तरी मरत नाही. मोठं पान खरबरीत असल्यामुळे जनावरं सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तरही इथेच आहे: दक्षिणेकडचा लागवडीचा वाळा बी धरत नाही आणि हराळीसारखा जमिनीखालून सरकत नाही. जिथे लावाल तिथेच राहतो. उत्तर भारतातला रानटी वाळा मात्र फुलतो आणि बी टाकतो, म्हणून ठोंब, म्हणजे लावायचे मुळांसकट फुटवे, कुठून आले हे विचारून घ्या. ज्या शेतात वाळ्याची जुनी ओळ आहे आणि आजूबाजूच्या वावरात त्याची रोपं उगवलेली नाहीत, त्या शेतातले ठोंब सगळ्यात खात्रीचे.

वाळ्याचा एक दोष मात्र लपवायचं कारण नाही. तो चारा म्हणून सामान्य आहे. कोवळा कापून दिला तर म्हशी खातात, एवढंच. तुमच्या गोठ्यात चार जनावरं असतील आणि बांधावरून वैरणही हवी असेल तर मारवेल लावा. मारवेल आपल्याच काळ्या रानातलं जुनं गवत, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा फुले मारवेल-०६-४० हा वाण ठोंबांपासून लावता येतो आणि जनावरं तो आवडीने खातात. त्याची ओळ वाळ्याइतकी ताठ नसते, जोराच्या प्रवाहापुढे ती वाकते, पण बांधाच्या अंगावर आणि दोन टक्क्यांच्या उतारावर ती पुरेशी आहे. मी तुमच्या जागी असतो तर आखलेल्या ओळीवर वाळा लावला असता आणि त्याच्या वरच्या बाजूला हातभर अंतरावर मारवेलची दुसरी ओळ. वाळा माती धरेल, मारवेल गोठ्याकडे जाईल. वरच्या मुरमाड कडेला, जिथे पेरणी होतच नाही, तिथे पवना, डोंगरी किंवा अंजन गवत चालेल. सोबत स्टायलोचं बी टाका. स्टायलो गवत नव्हे, ती शेंगवर्गीय वैरण आहे, पण उथळ मुरमात ती चांगली धरते.

नेपियर या उंच वाढणाऱ्या वैरणीच्या गवताचा मोह आवरा. केनियात माचाकोसच्या डोंगराळ भागात पायऱ्यांच्या कडेला नेपियर लावून शेतकऱ्यांनी माती धरली आणि गाईही पाळल्या हे खरं, पण कोरडवाहू काळीत ते उन्हाळ्यात तग धरत नाही आणि पावसाळ्यात शेजारच्या चार तासांवर सावली करतं. विहिरीच्या पाटाकडेला लावा, तिथे ते सोन्यासारखं आहे. हराळी आणि कुंदा रानात चुकूनही आणू नका. हराळीची एकच जागा योग्य, ती म्हणजे सांडव्याचं तोंड आणि पाणी बाहेर काढायचा चर. तिथे तिच्याइतकी जमीन दुसरं कुणी घट्ट धरत नाही.

आता आखणी. ओळ समपातळीत नसेल तर ती नसलेली बरी, कारण तिरकी ओळ पाणी एका टोकाला गोळा करते आणि तुम्ही पैसे खर्चून नवीन ओघळ तयार करता. त्यासाठी डंपी लेव्हल हे मोजणीचं यंत्र हवं असं नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आणि दोन माणसं पुरतात. तीही नसेल तर दोन मीटरच्या दोन काठ्या वर बांधून, मध्ये आडवी काठी लावून ए-फ्रेम करा आणि शेंड्यापासून दगडाचा ओळंबा सोडा. दोन खुंट्यांवर चौकट ठेवा, दोरी आडव्या काठीवर जिथे टेकते तिथे खूण करा. मग चौकट फिरवून पाय अदलाबदल करा, पुन्हा खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्यावर दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीत. शेताच्या मध्यातून सुरुवात करा आणि दोन्ही बाजूंना खुंट्या मारत जा. खुंट्यांची रांग वाकडीतिकडी दिसेल. एखादी खुंटी फारच बाहेर गेली असेल तर ती थोडी आत घ्या, म्हणजे औताला वळण बसेल. पाच-सात सेंटिमीटरच्या फरकाने काही बिघडत नाही. मोठी चूक फक्त एकच असते, ती म्हणजे ओळ धुऱ्याला, म्हणजे रानाच्या कडेला, समांतर, डोळ्याला सरळ दिसावी म्हणून ओढणे.

दोन ओळींमध्ये उभं अंतर, म्हणजे उंचीतला फरक, एक मीटर धरा. दोन टक्के उतारावर याचा अर्थ आडवं ५० मीटर. एकरी ८० मीटर ओळ होते, सहा एकरांना ४८० मीटर. ठोंब १५ सेंटिमीटरवर लावायचे म्हटलं तर ३,२०० लागतील, मरतुकीसाठी चारशे जादा धरा. एवढे विकत आणायची गरज नाही. पहिल्या वर्षी दोनशे चांगले ठोंब मिळवा आणि विहिरीजवळ दीड-दीड फुटावर लावा. जागा अर्ध्या गुंठ्याहूनही कमी लागते. पाणी आणि थोडं शेणखत मिळालं तर वर्षभरात एका ठोंबाचा असा भारा होतो की त्यातून वीस ठोंब सहज निघतात. घरचे ठोंब असण्याचा खरा फायदा पैशांचा नाही, वेळेचा आहे. योजनेतून येणारे ठोंब मी ऑगस्टच्या अखेरीला, दोन दिवस गाडीत सुकलेले, रानात उतरताना पाहिले आहेत. ते लावून फोटो निघतात, ओळ उभी राहत नाही. घरचे असतील तर सकाळी काढून दुपारच्या आत मातीत जातात.

लागवड पहिल्या वळवाच्या सरीवर करू नका. मृगाचे दोन-तीन दमदार पाऊस होऊन वीतभर ओल गेली की करा. ठोंबाला दोन-तीन फुटवे ठेवा, पानं वीतभर राखून वरची छाटून टाका, मुळं चार बोटं ठेवा. फुलोऱ्याचा दांडा असलेला फुटवा टाकून द्या, तो धरत नाही. ठोंब ओल्या गोणपाटात ठेवा आणि लावण्याआधी शेणकाल्यात बुडवा. खुंट्यांच्या रेषेवर नांगराचं एक तास काढा, त्यात ठोंब टेकवून माती ओढा आणि पायाने घट्ट दाबा. हाताने ओढून पाहिल्यावर ठोंब उपसून आला तर तो नीट लागलेला नाही. जिथे जुनी ओघळ ओळीला छेदते, तिथे आधी दगड रचा, नाहीतर मातीने भरलेल्या गोण्या टाका, मग त्यांच्या वरच्या अंगाला दुहेरी ओळ लावा. उघड्या ओघळीत नुसतं गवत लावलं तर पहिल्याच पावसात ते वाहून जातं. ओळीची दोन्ही टोकं मीटर-दीड मीटर चढाच्या बाजूला वळवा, म्हणजे पाणी टोकाला वळसा घालून निसटणार नाही.

यानंतरचे दोन पावसाळे ठरवतात की ओळ राहणार की जाणार. मी जितक्या फसलेल्या ओळी पाहिल्या, त्यांत गवत कमी पडलं असं क्वचितच होतं. फट राहिली होती. दहा मीटरच्या ओळीत हातभर फट असेल तर सगळं पाणी त्या फटीतून जातं आणि ती ओळ नसण्यापेक्षा जास्त नुकसान करते. म्हणून पहिल्या वर्षी जुलैच्या मध्यात आणि ऑगस्टमध्ये ओळीवरून चालत जा, मेलेल्या ठोंबाच्या जागी लगेच नवीन लावा. खुरपणी करताना बायकांना ओळ दाखवून द्या, कारण लहान वाळा तणासारखाच दिसतो आणि पहिल्या निंदणीत तो उपटला जातो. पहिला उन्हाळा चराई सांभाळा. वाळा मोठा झाल्यावर जनावरं सोडतात, पण कोवळा असताना शेळी सोडत नाही. दुसऱ्या पावसाळ्यापासून ओळ गुडघ्याएवढी, ४०-५० सेंटिमीटरवर छाटत जा. छाटलं की फुटवे वाढतात आणि ओळ खालून दाट होते. छाटलेलं पान तिथेच तुरीच्या तासांत आच्छादन म्हणून पसरा. न छाटलेली ओळ वर झुपका आणि खाली मोकळी अशी होते, तिच्यात उंदीर घर करतात आणि पाणी खालून निघून जातं.

पीक मार खाईल का? ओळ तुमची अर्धा ते पाऊण मीटर जागा घेईल. यंत्राचा बांध पायथ्याशी याच्या तिप्पट घेतो, वर त्याच्यासाठी माती काढलेला चर वेगळा. पावसाने ओढ दिलेल्या वर्षी ओळीलगतचं एक तास थोडं खुरटं दिसेल, ऑगस्टमध्ये छाटणी केली तर तेही कमी जाणवेल. पण एक वेगळी गोष्ट कुणी सांगत नाही, ती लक्षात ठेवा. ओळीच्या वर गाळ जमतो म्हणजे तो कुठून तरी निघतो, आणि तो निघतो वरच्या ओळीच्या लगेच खालच्या पट्ट्यातून. त्यामुळे तीन-चार वर्षांत असं दिसायला लागतं की प्रत्येक ओळीच्या वर पीक हिरवंगार आणि ओळीच्या खाली फिकट. हे पाहून काही शेतकरी ओळी उपटायला निघतात. उपाय सोपा आहे: घरात जेवढं शेणखत आहे ते सगळ्या रानावर सारखं न पसरता प्रत्येक ओळीच्या खालच्या दहा-बारा मीटरांत जास्त टाका आणि तिथली नांगरट उथळ ठेवा.

आणि पेरणी ओळीला धरून, आडवी करा. खरं सांगायचं तर ओळींचा निम्मा फायदा इथेच आहे. ट्रॅक्टर आल्यापासून पेरणी रानाच्या लांबीने होते, कारण वळणं कमी घ्यावी लागतात. तुमची पट्टी उताराच्या दिशेने लांब आहे, म्हणजे प्रत्येक तास पाण्यासाठी तयार पाट झाला. गवताची ओळ असली की ट्रॅक्टरवाल्याला समजावावं लागत नाही, त्याला आडवंच चालावं लागतं. खालच्या काळ्या भागात रुंद वरंबा-सरीवर सोयाबीन घ्या. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेत १९७६ पासून काळ्या जमिनीवर चाललेल्या प्रयोगात वरंबा-सरी, वेळेवर पेरणी आणि जादा पाणी गवताळ चरातून बाहेर काढणं, हे सगळं एकत्र केल्यावर हेक्टरी सुमारे ६.६ टन जाणारी माती १.६ टनांवर आली. तिथेही पाणी पूर्ण अडवलेलं नव्हतं, सावकाश बाहेर जाऊ दिलं होतं.

काय होणार नाही तेही सांगतो. वरच्या रस्त्याचं किंवा गावठाणाचं पाणी एका मोरीतून तुमच्या रानात पडत असेल तर त्याला गवत पुरणार नाही. आधी ते पाणी चर काढून नाल्याकडे वळवा. सह्याद्रीच्या तीव्र उतारावर खोलवरून सरकणारी दरड गवताची ओळ रोखू शकत नाही, तिथे प्रश्न वेगळा आहे. आणि मुळ्या विकण्याचा विचार असेल तर त्यासाठी वेगळा वाफा करा. मुळी काढायची म्हणजे खोल खणायचं, आणि ओळीवर खणलं की दोन-तीन वर्षांची मेहनत एका दिवसात मोकळी होते.

सध्या मला गवताचा सगळ्यात मोठा शत्रू शेळी वाटत नाही, तणनाशक वाटतं. सोयाबीन पेरण्याआधी धुऱ्यावर सरसकट फवारणी करायची पद्धत पडली आहे. धुरा आठ दिवसांत पिवळा, पंधरा दिवसांत उघडा, आणि त्यानंतर येतो मोठा पाऊस. धुऱ्यावरचं जे गवत आज्या-पणज्यांच्या काळापासून माती धरून होतं, ते एका पंपात जातं. वाळा लावा किंवा लावू नका, धुऱ्यावर तणनाशक मारणं आधी थांबवा आणि मार्च-एप्रिलमध्ये धुरे पेटवणंही. फिलिपाइन्समध्ये क्लावेरिया भागातल्या डोंगरउतारावरच्या शेतकऱ्यांनी तर काहीच लावलं नाही. समपातळीवर अर्धा मीटर रुंदीची पट्टी नांगरायची सोडली, तिथे जे गवत आपोआप आलं ते कापत राहिले आणि त्या पट्ट्यांनीच पायऱ्या केल्या. तुमच्याकडे ठोंब तयार होईपर्यंतचं वर्ष वाया घालवायचं नसेल तर या जूनमध्ये आखणी करा, खुंट्यांच्या रेषेवर अर्धा मीटर नांगर उचलून घ्या आणि मारवेल, पवना जे येईल ते येऊ द्या. कुंदा आणि हराळी तेवढी खणून काढा. पुढच्या वर्षी त्याच पट्टीत वाळा लावा.

काम होतंय की नाही हे पाहायला लोखंडी सळईचे चार तुकडे पुरतात. दोन तुकडे ओळीच्या हातभर वर, दोन मधल्या भागात, जमिनीबरोबर रंगाची खूण करून ठोका. दसऱ्याला खुणा पाहा. वरच्या खुणा गाळाखाली गेल्या असतील तर ओळ धरतेय. मोठा पाऊस चालू असताना रानात जाऊन ओळीच्या वरचं आणि खालचं पाणीही बघा. रंगातला फरक दुसऱ्या वर्षापासून डोळ्यांना दिसतो.

आता भाऊ. आपल्याकडे वाटण्या उताराच्या दिशेने उभ्या होतात, कारण वरचा मुरूम आणि खालची काळी दोघांनाही सारखी यायला हवी. न्याय म्हणून ते बरोबरच आहे. मातीसाठी मात्र ते वाईट, कारण समपातळीची ओळ दोन-तीन पट्ट्या ओलांडून गेल्याशिवाय पुरी होत नाही. त्याचं पाणी तुमच्या ओळीच्या टोकाशी येऊन वळणार आणि तुमचं त्याच्याकडे जाणार. तो आज तयार नसेल तर आग्रह धरू नका. त्याच्याशी फक्त सामाईक बांधाबद्दल बोला. गुंडलुपेटकडे वाळा मुळात हद्दीसाठी लावतात, कारण तो लावल्या जागेवरून हलत नाही. दरवर्षी वखराच्या पासेने इंच-इंच बांध कोरला जातो आणि त्यातून भावाभावांत किती कटुता येते, हे तुम्हाला मी सांगायला नको. मोजणीच्या खुणांवर दोघांनी मिळून वाळ्याची एक ओळ लावली तर ती दोघांचीही हद्द सांभाळते, आणि ठोंब तुम्ही द्या. ही ओळ उताराच्या दिशेने असल्यामुळे माती थोडीच धरेल, पण बांधाचं अंग ढासळणार नाही आणि त्याला वाळा स्वतःच्या रानात उभा दिसेल.

तोवर तुमच्या आडव्या ओळी त्या बांधापाशी चढाला वळवून थांबवा. बांधाच्या कडेने जे पाणी खाली उतरेल त्याच्यासाठी दोन फूट रुंदीची पट्टी हराळीखाली सोडा. हराळी त्या पट्टीबाहेर येऊ लागली तर कडेने दर हंगामात एक तास मारून तिला मागे ठेवा. पुढे भाऊ तयार झाला तर त्याच्या पट्टीतली आखणी तुमच्या पहिल्या खुंटीपासून पुन्हा धरा, नुसती ओळ पुढे ओढू नका. तुमचं वळवलेलं टोक तेव्हा सरळ करावं लागेल. तेवढे आठ-दहा ठोंब उपटून नवीन रेषेवर लावा आणि त्या जोडावर पहिला पावसाळा दुहेरी ओळ ठेवा, कारण फट पडते ती नेमकी अशा जोडावरच.